मानेतली गाठ



मुलाला न्हाऊ घालताना किंवा मुलीची वेणी घालताना आईच्या बोटाला कानामागे, जबड्याखाली काहीतरी लागतं. वाटाण्याएवढं, जरा टणक, दाबलं की सरकणारं. मुलाला विचारलं तर ते म्हणतं, दुखत नाही. ते जेवतंय, खेळतंय, शाळेत जातंय. झोप उडते ती आईची. रोज रात्री ती त्या गाठीवर बोट ठेवून बघते, वाढली का, दुसरी आली का. महिना जातो, दोन महिने जातात, गाठ आहे तिथेच. शेजारीण म्हणते, टीबी असेल. मोबाइलवर शोधलं तर पहिल्याच ओळीत कॅन्सर येतो.

बारामती असो की इंदापूर, मुलांच्या डॉक्टरकडे रोज एक तरी अशी आई बसलेली असते. तिचा घोर खोटा नाही. तिला चार गोष्टी नीट सांगायला हव्यात, त्या सांगायला आज मी आलो आहे.

आपल्या शरीरात अशा सुमारे सहाशे गाठी जन्मापासूनच असतात. त्यांतल्या पुष्कळशा मानेत, काखेत आणि जांघेत असतात. आपल्याकडे ठिबकला पाणी सोडण्याआधी फिल्टर बसवतात, तसं यांचं काम. घसा, दात, कान, डोक्याची कातडी इथून जे जंतू आत येतात, ते या गाठींत अडतात आणि तिथेच त्यांचा निकाल लागतो. काम वाढलं की गाठ फुगते. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मानेतली गाठ म्हणजे बहुतेक वेळा तेच, फक्त जागा वेगळी.

मग ती जात का नाही? कारण लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-पडसं होणं ही नेहमीची गोष्ट आहे. एका सर्दीची गाठ बसायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. ती बसायच्या आत पुढची सर्दी येते. शिवाय या गाठी मोठ्या माणसांपेक्षा मुलांमध्येच ठळक असतात. साधारण वयात येईपर्यंत त्या वाढतात आणि मग हळूहळू बारीक होतात. सडपातळ मुलाच्या मानेत तर त्या नुसत्या नजरेलाही दिसतात. मानेतली एक सेंटीमीटरपर्यंतची, जांघेतली दीड सेंटीमीटरपर्यंतची, मऊ, सरकणारी गाठ निरोगी मुलाच्या अंगावर असू शकते, आणि ती तशीच राहिली तरी चालतं.

म्हणून आधी गाठीच्या आसपास शोध घ्या. केस बाजूला करून डोकं पाहा. उवा झाल्या असतील, खाजवून खाजवून फोड आले असतील, तर मानेमागची गाठ त्याचीच. तोंड उघडायला लावून दाढा पाहा. आपल्या भागात गोडाला कमी नाही, आणि दुधाची दाढ किडली तर पडणारच आहे म्हणून आपण सोडून देतो. ती कीड जबड्याखालची गाठ महिनोन् महिने जिवंत ठेवते. वाहणारा कान, सुजलेले टॉन्सिल, अंगावरची खरूज, मांजराने ओरबाडलेला हात, हेही पाहा. तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेत गाठ आली तर बीसीजीची लस आठवा. ती डाव्या दंडावर देतात, आणि काही बाळांना त्यानंतरच्या काही महिन्यांत काखेत गाठ येते. लाल होत नसेल, पिकत नसेल तर ती आपोआप बसते. तरी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावी.

आता, कधी थांबायचं नाही ते सांगतो. गाठ दोन सेंटीमीटरहून मोठी आहे, किंवा दोन आठवड्यांत वाढतच चालली आहे. दगडासारखी कडक आहे, सरकत नाही. दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला आहे. गळ्याच्या खाली, हासळीच्या हाडाच्या वर गाठ आली आहे. ही जागा लहान गाठीलाही माफ नाही, लगेच दाखवायची. मूल पांढरंफटक पडतंय, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतायत, रात्री हाडं दुखून रडतंय, झोपेत घामाने कपडे भिजतायत, आडवं झालं की धाप लागतेय. यांतलं एक जरी असेल तरी गावातल्या औषधाच्या दुकानातून बाटली आणून वाट बघत बसू नका.

कॅन्सरचं नाव मी टाळत नाही. गाठींचा आणि रक्ताचा कॅन्सर मुलांना होतो, पण क्वचित. आणि वेळेवर उपचार सुरू झाले तर मुलांमधले हे आजार बरे होण्याचं प्रमाण खूप चांगलं आहे. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गाठीचं निदान झालेलं नसताना ती बसावी म्हणून स्टिरॉइडचं औषध मुलाला देऊ नका. गाठ चार दिवस बसते, आई सुखावते, आणि आतला आजार झाकला जातो. पुढे तपासणीतही तो नीट सापडत नाही.

आपल्या भागात खरा विचार करायचा तो टीबीचा. जुन्या लोकांची गंडमाळ ती हीच. फुप्फुसाबाहेर मुलांना होणाऱ्या टीबीत गाठींचा टीबी सगळ्यांत जास्त आढळतो. ही गाठ बहुधा दुखत नाही, हळूहळू वाढते, एकीला दुसरी चिकटते, आणि दुर्लक्ष झालं तर फुटून वाहायला लागते. दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला, तीन महिन्यांत वजन न वाढणं किंवा घटणं, ही तिची सोबत. पण कधीकधी मूल वरवर ठणठणीत दिसतं. म्हणून मी गाठीइतकंच घराबद्दल विचारतो. घरात कोणी खोकतंय का? आजोबांना, चुलत्याला, भाडेकरूला गेल्या दोन वर्षांत टीबीची औषधं सुरू होती का? आया लाजतात, सांगत नाहीत. ताई, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ही एक माहिती मिळाली तर निदान लवकर होतं. आणि मुलाच्या गाठीपासून दुसऱ्याला लागण होत नाही. ती खोकणाऱ्या मोठ्या माणसापासून होते. मुलाला गाठींचा टीबी निघाला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची ती यासाठी.

तपासणीची भीती बाळगू नका. रक्त, छातीचा एक्स-रे, हातावरची मांटू चाचणी, आणि गरज पडली तर बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून पाहणं. सुई लावली की गाठ पसरते, असं आजही कानावर येतं. ते खरं नाही. उलट त्या पेशींवरूनच टीबी की आणखी काही, हे कळतं. बारामतीला आणि इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पूर्वी यासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयाची वाट धरावी लागायची. टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. गाठींचा साधा टीबी असेल तर सहसा सहा महिने, रोज, एकही दिवस न चुकवता घ्यायची. १ नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये खात्यावर जमा होण्याची तरतूद आहे. उपचार सुरू असताना गाठ मध्येच थोडी मोठी झाली तर घाबरून औषध बंद करू नका. तसं काही मुलांत होतं. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या चालू ठेवा. उपचार संपल्यावर छोटीशी गाठ उरली तर ती आजार उरल्याची खूण असेलच असं नाही.

गाठीवर बिब्बा लावणं, चुना-गूळ थापणं, डाग देणं हे मात्र आता पुरे झालं. बिब्ब्याने कोवळी कातडी भाजते, जखम होते, आणि त्या जखमेमुळे गाठ आणखी फुगते.

आणि आता ज्यांच्यासाठी मी हे भाषण मनापासून द्यायला आलो, त्या मुलांकडे वळतो. दिवाळीच्या सुमाराला माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगरकडून बैलगाड्यांबरोबर लेकरंही येतात. तिथली आई पहाटे अंधारात फडावर जाते. लेकराच्या मानेत गाठ आहे हे बोटाने चाचपायला तिला उसंत नसते. एका घरात वाटाण्याएवढ्या गाठीसाठी तीन डॉक्टर होतात, आणि शंभर पावलांवरच्या कोपीत वाहती गाठ फडक्याने बांधलेली असते. शाळेतल्या आणि अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पण जे मूल ना या गावच्या पटावर, ना त्या, ते सुटतं. हे मला फार लागतं.

याच पुणे जिल्ह्यात १८९७ साली प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात पोचल्या होत्या. ते मूल त्यांच्या नात्यातलं नव्हतं. त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा जीव घेतला. आज आपल्याला एवढी जोखीम पत्करायची नाही.

बागायतदार दादांनो, तुमच्या रानात टोळी उतरली असेल तर मुकादमाला एकदा विचारा, कुणाच्या लेकराला गाठ आहे का, ताप आहे का, घरात कोणी खोकतंय का. आशाताईंना कोपीची जागा दाखवा. गुरुजी, रस्त्याकडेला खेळणारं मूल आपल्या शाळेचं नसलं तरी तपासणीच्या दिवशी त्याला रांगेत उभं करा. टोळी परत गावी निघाली तर औषध थांबत नाही, दुसऱ्या जिल्ह्यातही त्याच नोंदीवर मिळतं. हे त्या आईला नक्की सांगा. आणि घरी बसून माझं बोलणं ऐकणाऱ्या ताई, तुम्ही रोज गाठ दाबून बघू नका, दाबण्याने ती आणखी सुजते. महिन्यातून एकदा अंगणवाडीच्या काट्यावर मुलाचं वजन करा आणि ते लिहून ठेवा. क्षयरोगाविषयी काहीही विचारायचं असेल तर निक्षय संपर्कचा मोफत फोन क्रमांक आहे १८००-११-६६६६.