छप्पर बदलण्याआधी कागद बघा

(संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



होळी झाली की गटांमध्ये कर्जाची एक मागणी हमखास वाढते. छपराची. कुणाची कौलं सरकलीत, कुणाचे पत्रे गंजलेत, कुणाच्या आढ्याला वाळवी लागली आहे. मृगाच्या आत काम झालं पाहिजे म्हणून सगळ्यांचीच घाई असते. गट ठराव करतो, पैसे देतो, मिस्त्री येतो. आणि मग कधीकधी मधेच कुणीतरी विचारतं, "परवानगी काढली का?" तोवर जुनं छप्पर खाली आलेलं असतं.

म्हणून आज मी छपराच्या परवानगीबद्दल बोलणार आहे. घाबरवायला नाही. बऱ्याच कामांना परवानगी लागतच नाही, हेही आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे कुणीही "साहेबांना द्यायचे आहेत" म्हणून दोन हजार मागतो आणि आपण देऊन टाकतो. कुठे लागते आणि कुठे नाही, हे एकदा समजलं की दोन्हीकडचं नुकसान टळतं.

दुरुस्ती कशाला म्हणायचं?

आपल्या राज्यात बांधकामावर नियंत्रण ठेवणारा मुख्य कायदा म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्याचं कलम ४३ सांगतं की नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय बांधकाम करायचं नाही. पण त्याच कलमात सूटही दिली आहे. घराची देखभाल-दुरुस्ती असेल आणि ते काम घराच्या आतल्या भागापुरतं असेल किंवा त्याने घराच्या बाहेरच्या रूपात मोठा फरक पडत नसेल, तर परवानगी लागत नाही. देशाची जी राष्ट्रीय इमारत संहिता आहे, २०१६ सालची, तिच्यातही परवाना न लागणाऱ्या कामांच्या यादीत रंगसफेदी, गिलावा, फरशी बदलणं यांच्याबरोबर छप्पर नव्याने घालणं आहे.

मग स्लॅब टाकला तरी चालेल का? नाही. मुंबई महापालिकेच्या कायद्यात ही रेघ अगदी स्पष्ट आखलेली आहे. त्याच साहित्याने छप्पर बदललं तर ती दुरुस्ती. उतरतं छप्पर सपाट केलं, साहित्य बदललं, घराची लांबी-रुंदी-उंची बदलली किंवा भार पेलणारी भिंत काढली, तर ती दुरुस्ती नाही. तो कायदा मुंबईचा आहे, आपल्याला थेट लागू नाही. पण स्वतःचं काम मोजून बघायला ही फूटपट्टी चांगली आहे.

ती आपल्या घरांना लावून बघू.

कौलं उतरवली, कुजलेले वासे बदलले आणि पुन्हा कौलंच घातली, ही दुरुस्ती. गंजलेला पत्रा काढून त्याच मापाचा नवा पत्रा टाकला, हीसुद्धा दुरुस्ती.

कौलं काढून पत्रा टाकायचा असेल तर साहित्य बदललं, बाहेरून रूपही बदललं. इथे स्वतःच्या मनाने ठरवू नका. कार्यालयात एक साधा अर्ज द्या, काय काम करणार ते लिहा आणि लेखी उत्तर मागा.

"पत्रा बदलतोच आहे तर भिंत दोन फूट चढवून घेऊ, पोटमाळा निघेल." इथे उंची वाढली. परवानगी लागते. "पुढे पडवीवर तीन फूट पत्रा ओढू." इथे घर वाढलं. परवानगी लागते. आणि पत्र्याच्या जागी स्लॅब म्हणजे सरळ नवं बांधकाम. त्याला नकाशा लागतो आणि भिंती, पाया तो भार पेलतील का हे बघणारा अभियंताही लागतो. विटा-मातीच्या जुन्या भिंतीवर स्लॅब टाकणं हा जिवाशी खेळ आहे, कागद असो वा नसो.

अजून एक गोष्ट. मूळ घराचीच कुठे रीतसर नोंद किंवा परवानगी नसेल, तर छप्पर दुरुस्त केल्याने ते घर नियमित होत नाही.

कुठल्या कार्यालयात जायचं?

आपल्यापैकी निम्म्या जणींचं घर गावात होतं आणि न हलता शहरात आलं. लोहगाव, धायरी, शिवणे, उंड्री अशी अकरा गावं ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली. मग जून २०२१ च्या शेवटी वाघोली, नऱ्हे, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी धरून आणखी तेवीस गावं आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं पुढे पालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. त्यामुळे "आमचं गाव कुणाच्या हद्दीत?" हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही.

गाव अजून ग्रामपंचायतीत असेल तर आधी ग्रामपंचायत. पालिकेत असेल तर तुमचं क्षेत्रीय कार्यालय आणि पालिकेचा बांधकाम विभाग. पण तेवीस गावांच्या बाबतीत एक गुंता आहे. ती पालिकेत आली तेव्हा नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे दिले गेले होते. म्हणजे घरपट्टी एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे. म्हणून त्या गावांतल्या ताईंनी पहिला प्रश्न हाच विचारायचा: "आमच्या गावची बांधकाम परवानगी आज कोण देतं?" पुणे किंवा खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये कुणाचं घर असेल तर त्यांचा कायदा वेगळा, बोर्ड वेगळं.

वस्तीत घर असेल तर वस्ती घोषित आहे का, पुनर्वसनाची योजना चालू आहे का, हे आधी विचारा. पात्रतेचे कागद नीट जपा. पत्रा बदलला तरी ते कागद बदलत नाहीत. पण मजला चढवला तर अडचण उभी राहू शकते.

जुन्या वास्तूंजवळच्या घरांचं वेगळं आहे. शनिवारवाडा, पाताळेश्वर, तिकडे जुन्नरला शिवनेरी, मावळात कार्ले-भाजे, ही केंद्र सरकारने संरक्षित केलेली स्मारकं आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. १०० मीटरच्या आत दुरुस्ती करायची तरी वेगळी परवानगी काढावी लागते. तुमची बहीण, नणंद कसब्यात किंवा शनिवार पेठेत जुन्या वाड्यात राहत असेल तर तिला हे जरूर सांगा.

परवानगी काढणं किती अवघड?

वाटतं तेवढं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. तिच्यात लहान घरांना सोपी वाट दिली आहे. सुमारे १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १,६०० चौरस फूट, आपल्या भाषेत दीड गुंठा, एवढ्यात काम असेल तर मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा नकाशा, तो नियमात बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा दाखला आणि शुल्क, एवढं दाखल करून काम सुरू करता येतं. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक घरांना खरी अडचण नियमाची नसते, मालकीच्या कागदाची असते.

ज्यांनी अर्धा-एक गुंठा जागा नुसत्या नोटरीवर घेतली, त्यांना ही सोपी वाट बंद असते. त्यांनी आधी गुंठेवारीच्या कायद्याखाली जागा नियमित होते का हे बघायचं. तो कायदा २००१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली.

आणि एक गैरसमज आजच काढून टाका. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. लाईटचं बिल म्हणजे परवानगी नव्हे. "करा, मी बघतो" असं कुणी पुढारी बोलला, तीसुद्धा परवानगी नव्हे. पालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही.

अर्ज द्याल तेव्हा दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी आणा. पैसे भरले तर पावती घ्या. पावती मिळत नसेल तर तो पैसा शुल्काचा नाही, एवढं ओळखा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा. १९६६ च्या कायद्यात त्यावर अपिलाला ४० दिवस आहेत.

गटाने यात का पडायचं?

काही जणी म्हणतील, ताई, हे ज्याचं त्याने बघावं, गटाचं काम कर्ज देण्याचं. पण हिशेब करून बघू. समजा एका ताईने छपरासाठी ४०,००० रुपये घेतले, महिन्याला एक टक्का व्याजाने. पत्रे आणले, भिंत चढवली, शेजाऱ्याने तक्रार केली, नोटीस आली, काम थांबलं. पत्रे अंगणात पडून. पण व्याज थांबत नाही. पहिल्या महिन्याचे ४०० रुपये द्यायचेच. वर पावसात भाड्याची खोली घ्यावी लागली तर ते वेगळं. हप्ता चुकला की सगळ्या गटाचं खातं बिघडतं. नोटीस घरमालकाच्या नावावर येते, कर्ज मात्र बाईच्या नावावर असतं.

यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. छपराचे पैसे आपण उभे करतो. हप्ता आपण भरतो, भाजी विकून, शिवण करून, चार घरची पोळी-भाजी करून. पण घराच्या उताऱ्यावर नाव सासऱ्यांचं, नाहीतर नवऱ्याचं. परवानगीच्या अर्जावर सही त्यांचीच लागते. ग्रामपंचायतीच्या घर नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावावीत असा शासन निर्णय २००३ पासून आहे. छपराचं काम निघतं तेव्हा घरात तुमच्या शब्दाला वजन असतं. तेव्हाच विषय काढा. भांडून नको, साधं विचारा: "कर्ज माझ्या नावावर घेतेय, तर उताऱ्यावर माझंही नाव लावू या का?"

म्हणून माझी विनंती आहे. छपराच्या कर्जाचा ठराव लिहिताना गटाने तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं ठरावाच्या वहीत लिहावीत. एक, उतारा कुणाच्या नावावर आहे? दोन, माप, उंची, साहित्य, यातलं काय बदलतंय? तीन, बदलत असेल तर अर्जाची शिक्क्याची प्रत कुठे आहे? हे कर्ज अडवायला नाही, ते बुडू नये म्हणून आहे.

छप्पर आजच गळत असेल तर ताडपत्री टाकायला, फुटलेली चार कौलं बदलायला कुणाला विचारायची गरज नाही. ते आधी करा. वादळाने छप्पर उडालं तर ढिगारा हलवण्याआधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यांना कळवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडे कितीतरी घरांवरचे पत्रे गेले. अशा वेळी मदत पंचनाम्यावरच मिळते.

काम चालू असताना

वळचणीच्या पागोळ्या आपल्याच हद्दीत पडतील असं बघा. नाहीतर पन्हळ लावा. बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. काम काढण्याआधी शेजारणीला सांगा. भिंत सामाईक असेल तर तिच्या घरच्यांची लेखी संमती घ्या.

जुने सिमेंटचे पत्रे काढताना जपा. त्यांच्यात बहुधा अ‍ॅसबेस्टॉस असतं. त्याची धूळ फुफ्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी आजार देते. पत्रे आपटून फोडू नका, पाणी मारून ओले करा, अख्खे उतरवा. पोरांना लांब ठेवा. सुका झाडू मारू नका. तुकड्यांची चूल किंवा पायरी करू नका.

आणि नोटीस आलीच तर ती देव्हाऱ्यामागे ठेवू नका. कुठल्या तारखेला हातात पडली ते तिच्यावर लिहा, काम थांबवा आणि त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत घेऊन या. मुदत आपल्या सवडीपासून मोजली जात नाही. उत्तर लेखी द्यायचं आणि त्याचीही प्रत ठेवायची. कोऱ्या कागदावर कुणालाही सही द्यायची नाही.

आपल्यात म्हणतात ना, तहान लागल्यावर विहीर खणायची नसते. छपराचंही तसंच आहे. कागद माघ-फाल्गुनात गोळा करा, म्हणजे वैशाखात काम निघेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक कागद आणायचा आहे. गावात असाल तर नमुना ८ चा उतारा, पालिकेत असाल तर मिळकतकराचं बिल. वाचता येत नसेल तर शेजारी बसलेली वाचून दाखवेल. त्यावर नाव कुणाचं आणि घराचं वर्णन काय लिहिलंय, कौलारू, पत्र्याचं की आरसीसी, एवढंच बघायचं. मग कुणाला काय करावं लागेल ते आपण एकेकीचं बसून ठरवू.