गेलेला हात पुन्हा कामाला लागतो
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मेंदूविषयी ही काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण घरात जे पाहिले, तेच सांगते.

माझे माहेर रोह्याचे. तिथे मावशीला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. आम्ही तिला भरवले, वेणीफणी केली, हात म्हणून हलवू दिला नाही. यालाच आम्ही सेवा समजलो. तिचा हात आखडला, तो कायमचाच.

पुढे २०१९ साली इकडे पेणला मामंजींचा उजवा हात तसाच गेला. जन्मभर गणपतीच्या डोळ्यांची आखणी केलेला हात तो! मी घास भरवू लागले, तेव्हा व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "वहिनी, सगळे तुम्हीच केलेत तर त्यांचा मेंदू हा हात विसरेल."

मग त्यांनी समजावले. उजव्या अंगाचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की काही पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. पण उरलेल्या पेशी त्यांचे थोडेफार काम शिकू शकतात. शेजारीण आजारी पडली की आपण तिचे पाणी भरतो ना, तसेच. मात्र ते काम रोज सांगावे लागते. अमेरिकेतील एडवर्ड टाऊब यांनी तर चांगल्या हातावर मोजा चढवून, थोडाफार हलणाऱ्या दुबळ्या हातालाच राबवण्याची रीत काढली.

आम्ही मामंजींच्या हाती शाडूचा गोळा दिला. डोळे मिटून सुपारी की चिंचोका, हे ओळखायला लावले. स्पर्शही नव्याने शिकावा लागतो. ते चिडत, रडत. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत असे. आठ महिन्यांनी त्यांनी आपल्या हाताने वरणभात खाल्ला. आखणी काही पुन्हा जमली नाही. पण मूर्तीला रंगाचा पहिला हात तेच देतात.

भगिनींनो, कुणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका; तत्काळ इस्पितळ गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. व्यायाम जाणकाराला विचारूनच करावा. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

मावशीच्या हाताची आठवण मला आजही टोचते. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हे चार शब्द बोलले.