आईची चक्कर

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. आई सकाळी पूजा आटोपून पाटावरून उठली आणि तिथेच कोसळली. वय बहात्तर. घरात धावपळ उडाली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तिला भिंतीला टेकवून बसवलं, मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. मिनिटभरात ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, "काही नाही रे, उपवासाचं पित्त झालंय."

आम्हालाही ते पटलं. दोन महिने तिचं पोट बरं नव्हतंच. भूक नाही, मळमळ, छातीत जळजळ. आवळा सुपारी, कोकम सरबत चालू होतं. पोटाचं दुखणं वेगळं आणि चक्कर वेगळी, असंच आम्ही धरून चाललो होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "आजी, शौचाला काळं होतं का?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. चार दिवस डांबरासारखं काळं, चिकट होत होतं. मुलाला असलं काय सांगायचं, म्हणून ती बोलली नव्हती. आणि आम्ही तरी कुठे विचारलं होतं?

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. गुडघे दुखतात म्हणून शेजारणीने सुचवलेली वेदनाशामक गोळी आई तीन महिने रोज घेत होती, चिठ्ठीशिवाय. अशा बऱ्याच गोळ्या सूज उतरवतात, पण जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यंही कमी करतात. मग तिथे व्रण होतो आणि त्यातून रक्त झिरपतं. आतड्यातून पुढे जाता जाता ते काळं पडतं. म्हातारपणी पोटात दुखेलच असं नाही. रक्त कमी झालं की उठून उभं राहताना मेंदूला ते पुरेसं पोचत नाही आणि माणूस कोसळतो. आईचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. दुर्बिणीच्या तपासणीत व्रण दिसला. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. वेळेवर पोचलो म्हणून ती घरी परत आली.

प्रत्येक चक्कर अशीच असते, असं नाही. शौचाला जोर केल्यानेही भोवळ येते. काही वृद्धांचा रक्तदाब भरपेट जेवणानंतर उतरतो. हृदयाचे ठोके चुकल्यानेही माणूस पडतो. आणि लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं. म्हणून निदान घरी करू नये. डॉक्टरांना मात्र सगळं सांगावं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगावं. वरचा आकडा 20 ने उतरला, तर कारण शोधायलाच हवं. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नये. काळं शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर उद्यावर न टाकता थेट रुग्णालय गाठावं.

आणि कोणी बेशुद्ध पडलं, तर आम्ही केलं ते करू नका. बसवू नका, तोंडात पाणी घालू नका. आडवं निजवून पाय थोडे उंच करा. उलटी होत असेल, तर कुशीवर वळवा.

आता मी रोज आईला विचारतो, "पोट साफ झालं का? रंग कसा होता?" ती कपाळाला हात लावते. "लाज नाही मेल्याला," म्हणते. पण सांगते.