चिलखताच्या बदल्यात धान्य

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



युद्धपट म्हटला की घोडदळ, तोफा आणि त्यांसाठी ओतलेला अफाट पैसा आपल्या डोळ्यांसमोर येतो. जपानी दिग्दर्शक कानेतो शिंदो यांच्या ‘ओनिबाबा’ (१९६४) या चित्रपटात यांतले काहीच नाही. पुरुषभर उंच गवताचे रान, दोन-तीन झोपड्या, एक खोल खड्डा आणि मोजकी पात्रे, एवढ्या सामग्रीवर त्यांनी युद्धाचे भीषण रूप उभे केले. १९५० साली त्यांनी सहकाऱ्यांसह स्वतंत्र चित्रसंस्था स्थापन केली होती. काटकसर हा स्वातंत्र्याचा मोबदला होता आणि तो त्यांनी आनंदाने दिला.

कथा चौदाव्या शतकातील. दोन प्रतिस्पर्धी राजदरबारांची यादवी चालू आहे. शेतकऱ्यांची पोरे लढाईवर नेलेली आहेत, शेती बुडाली आहे. अशाच एका शेतकऱ्याची आई आणि बायको गवतात दबा धरून वाट चुकलेल्या सामुराईंना ठार करतात, प्रेते खड्ड्यात लोटतात आणि चिलखते-तलवारी एका व्यापाऱ्याला देऊन धान्य घेतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या व्यवहारापाशी थांबले पाहिजे. खून कोण करते हे पडद्यावर दिसते. पण भाव कोण ठरवतो? व्यापारी. त्याच्या हाताला रक्त लागत नाही. ती शस्त्रे पुन्हा लढणाऱ्यांच्याच हाती जाणार हे उघड आहे. बायकांच्या वाट्याला येते ते पोटापुरते धान्य.

पुढे शेजारी हाची लढाईतून पळून येतो आणि मुलगा मेल्याची बातमी सांगतो. त्याला शत्रूने मारलेले नाही. अन्न चोरताना पकडून शेतकऱ्यांनीच मारले. इकडे शेतकरी बायका सैनिकांना मारतात, तिकडे शेतकरी त्यांच्या मुलाला मारतात. दरबार मात्र दोन्हीकडे सुरक्षित.

सून हाचीकडे ओढली जाते. सासूला धास्ती पडते, कारण खून हे दोघींचे काम आहे. सून गेली तर उपजीविका गेली. मग ती तिला नरकाची भीती घालते आणि मेलेल्या सामुराईचा राक्षसी मुखवटा चढवून रात्री तिची वाट अडवते. चित्रपटातील भयाचा जन्म असा भाकरीच्या प्रश्नातून होतो. धर्मभयाने दुसऱ्याचे श्रम ताब्यात ठेवण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही.

अखेर पावसात भिजलेला मुखवटा चेहऱ्याला चिकटतो. सून तो फोडते, तेव्हा आतला चेहरा सडलेला असतो. शिंदो हिरोशिमा परिसरात १९१२ साली जन्मले. तो विद्रूप चेहरा म्हणजे अणुबाँबच्या बळींचे प्रतीक होय, असे त्यांनीच सांगितले आहे. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः सैन्यात भरती झाले. त्यांच्या १०० जणांच्या तुकडीतील ६ जणच वाचले.

कोणी म्हणेल, या चित्रपटात संघटना नाही, सुटकेचा मार्ग नाही. आक्षेप खरा आहे. मार्ग दाखवणे हे आपले काम आहे, ते कलावंतावर ढकलू नये. परंतु आपण माणूस असल्याचा आक्रोश करीत खड्ड्यावरून झेप घेणाऱ्या त्या म्हातारीला राक्षसी ठरवून मोकळे होण्याआधी, तिच्या धान्याचा भाव कोण ठरवीत होते, एवढे आपण विचारलेच पाहिजे.