टाकीतलं पान काय सांगतं?

आज आपण गप्पी माशांच्या टाकीबद्दल बोलू. पुष्कळ गावांत आरोग्य केंद्राजवळ अशी टाकी असते. हे मासे डासांच्या अळ्या खातात. म्हणून ते हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत सोडतात. हिवताप आणि डेंगी यांना आळा बसायला त्यांची मदत होते. नदी-ओढ्यात मात्र ते सोडू नयेत. तिथल्या मूळच्या माशांना ते जाचक ठरतात.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. पण मोठे मासे आपलीच पिल्लं खातात! पिल्लांना लपायला जागा हवी. ती जागा म्हणजे टाकीतल्या पाणवनस्पती. पानं गेली की पिल्लंही जातात.

पान खराब दिसलं की कुणी म्हणतो, रोग पडला. तो मोरचूद आणतो. दुसरा मूठभर युरिया टाकतो. थांबा! मोरचुदात तांबं असतं. युरियापासून पाण्यात अमोनिया तयार होतो. दोन्हींनी मासे मरतात. आधी पान नीट पाहावं. उसाचं पान पाहून आपल्याला पिकाची भूक कळते. मग हे का कळू नये?

पहिलं पाहायचं ते हे, की खराब पान जुनं आहे की नवं? खालचं पान जुनं, शेंड्याचं नवं. खालची पानं पिवळी पडली आणि शेंडा हिरवा राहिला, तर नत्र कमी पडलं असेल. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. घरातली आजी आपल्या ताटातली भाकरी नातवाला देते ना, तसंच! जुन्या पानांवर बारीक भोकं आणि भोवती पिवळी कड दिसली, तर पालाश कमी असण्याचा संभव असतो.

लोहाचं उलटं आहे. ते जुन्या पानातून सहसा हलत नाही. म्हणून शेंड्याची पानं फिकट होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर केवडा पडतो, त्यातलाच हा प्रकार.

पण आम्हाला वाटतं, माशांनी भरलेल्या टाकीत नत्राची शंका शेवटी घ्यावी. माशांची विष्ठा हेच खत. खालची पानं गळत असतील, देठ लांबत असतील, तर आधी टाकीवरचं झाकण पाहा. उजेड पोचतो का?

भोकं दिसली की सगळे गोगलगाईला धरतात. बिचारी बहुधा सडकं पानच खाते. चांगलं हिरवं पान रातोरात कुरतडलेलं दिसलं, तर टाकीत चिलापी आहे का ते शोधा. पोरं ओढ्यातून आणून हौसेनं टाकतात. ती झाडही खाते आणि गप्पीही. तिला जाळीनं बाहेर काढा.

झाड नवंच लावलं असेल, तर त्याची पानं पहिले काही दिवस विरघळल्यासारखी होतात. घाबरू नका. मूळ आणि देठ टणक असेल तर नवी पानं फुटतात. सडकी पानं मात्र काढून टाका. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात.

पाणी बदलायचं तर चौथा हिस्साच बदला. नळाच्या पाण्यात टीसीएल असते, तीही माशांना मारते. ते पाणी आधी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस उन्हात ठेवा.

एवढं केल्यावर खराब झालेलं पान पुन्हा हिरवं होईल म्हणून वाट पाहू नका. भोक पडलेलं पान भरून येत नाही. पंधरा दिवसांनी शेंड्याचं नवं पान पाहा. ते चांगलं निघालं, तर इलाज बरोबर होता.