दाढ दुखते की नस?

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज सगळं बोलतो. दुखणं मात्र अंगावर काढतो. आज अशाच एका दुखण्याविषयी.

चेहऱ्याच्या एकाच बाजूला, गालात नाहीतर जबड्यात, विजेचा झटका बसावा तशी कळ येते. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. मग एकदम शांत. भाकरीचा घास चावला, मिशरी लावली, तोंड धुतलं, एसटीच्या खिडकीतला वारा गालाला लागला, की पुन्हा झटका. बाई जेवायला, बोलायलाही घाबरते. आमच्याकडच्या एका ताईंच्या दोन दाढा काढून झाल्या, कळ तशीच राहिली.

कारण दुखणं दाढेचं नव्हतं, नसेचं होतं. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या नसेवर बहुतेक वेळा आतली रक्तवाहिनी दाबते. आजार दुर्मिळ आहे, पण पन्नाशीनंतर आणि बायकांना जास्त होतो. अभिनेता सलमान खानलाही तो झाला. २०११ साली त्यानं अमेरिकेत उपचार घेतले.

ओळखायचं कसं? किडलेली दाढ ठणकत राहते, गरम-गार लागलं की वाढते, रात्री झोपू देत नाही. नसेची कळ झटक्यानं येते आणि जाते. तपासणीत बरेचदा काहीच दिसत नाही. निदान तुमच्या सांगण्यावरूनच होतं. म्हणून कोणती बाजू, किती वेळ, कशानं सुरू होते, हे लिहून न्या. आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. दात चांगले निघाले, तर दाढ काढण्याआधी विचारा, "डॉक्टर, हे नसेचं तर नाही ना?" मग सोलापूरच्या सिव्हिलमध्ये किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. दुसरं कारण नाही ना, हे पाहायला ते एमआरआय सांगतील.

साध्या दुखण्याच्या गोळीनं ही कळ थांबत नाही. फिटवर देतात ती कार्बामाझेपिन बहुतेकांना गुण देते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या, मनानं बंद करू नका. अंगावर पुरळ आलं तर लगेच दाखवा. गोळ्यांनी भागलं नाही, तर ऑपरेशनचाही मार्ग आहे.

गाल बधिर झाला, ऐकू कमी आलं, किंवा तोंडात न भरणारी जखम असेल, तर अजिबात थांबू नका. तोंड अचानक वाकडं झालं, तर त्याच घडीला दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं विचारा: कुणाच्या गालात अशी कळ येते का?