पट्टींत तारा किती?

घरांत नवा गीझर किंवा वातानुकूलन यंत्र आलें कीं वायरमनला बोलावणें जातें. भिंत फोडावयाची नाहीं, रंगाला धक्का लागावयाचा नाहीं, अशी घरच्यांची अट असते. मग तो बिचारा दारावरून गेलेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीचें झांकण काढतो, आंत आणखी तीन तारा दाबतो आणि झांकण पुन्हां बसवितो. झांकण बसलें, काम झालें, असें सर्वांना वाटतें. परंतु मुंबईच्या लोकलगाडींत माणसें मावतात किती आणि असावींत किती, हे जसे दोन निराळे प्रश्न आहेत, तसेंच या तारांचेंहि आहे.

हिशेब सातव्या इयत्तेंतील मुलालाहि येईल असा आहे. प्रथम पट्टीचें आंतलें माप घ्यावें, बाहेरचें नव्हे. समजा, तें २२ मिलिमीटर रुंद व १० मिलिमीटर खोल भरलें. क्षेत्रफळ २२० चौरस मिलिमीटर झालें. ब्रिटिश वायरिंगच्या रूढ प्रघाताप्रमाणें यांतील शेंकडा ४५ इतकीच जागा तारांनीं व्यापावी, म्हणजे ९९. आतां तारेकडे वळावें, आणि येथेंच पुष्कळांची गफलत होते. दुकानदार जिला ‘अडीचची तार’ म्हणतो, तींत अडीच चौरस मिलिमीटर असतें तें केवळ तांबें. वरचें आवरण धरून तिचा व्यास सुमारें ४ मिलिमीटर होतो व ती १२.६ चौरस मिलिमीटर जागा अडविते. ९९ ला १२.६ नीं भागलें असतां भागाकार आठाहून थोडा कमी येतो. अर्थात् तारा सात. एका सर्किटाला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन तारा लागतात. म्हणून या पट्टींत सर्किटें दोन. तिसरें घातलें तर नऊ तारा मिळून ११३ चौरस मिलिमीटर, म्हणजे शेंकडा ५१ जागा व्यापतात. झांकण मात्र खुशाल बसतें!

निम्म्याहून अधिक जागा मोकळी कां सोडावयाची? तारा गोल असल्यामुळें त्यांच्यामध्यें फटी राहतातच. शिवाय दाटींत तार ओढतांना आवरण खरचटतें. पण मुख्य कारण उष्णतेचें. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते, आणि शेजारींहि तापलेल्या तारा असल्या म्हणजे ती जावी कोठें? पी.व्ही.सी. आवरणाच्या तारेनें ७० अंश सेल्सिअसच्या पलीकडे तापूं नये असा दंडक आहे. आंतरराष्ट्रीय तक्त्यांप्रमाणें ३० अंशांच्या हवेंत, पट्टींत एकटेंच सर्किट असतां, अडीचची तांब्याची तार २४ अँपिअर वाहूं शकते. आपल्याकडील उन्हाळ्याचे ४० अंश धरले तर यास ०.८७ नें गुणावें लागतें. सोबतीला दुसरें सर्किट असेल तर आणखी ०.८० नें. उत्तर येतें १६.७. सर्किटें तीन झालीं कीं ०.८० च्या जागीं ०.७० येतात आणि उत्तर १४.६ वर उतरतें.

आतां फलकावरील १६ अँपिअरचा एम्.सी.बी. पाहावा. दोन सर्किटें होतीं तोंवर तो तारेचा खरा राखणदार होता. तिसरें आलें आणि तिन्हींवर भरपूर भार पडला, कीं तार १५ अँपिअरलाच मर्यादा ओलांडते, पण राखणदाराला त्याची दादच नसते. १८ अँपिअरपर्यंत तर तो तासभर स्वस्थ बसावा अशीच त्याची घडण असते. त्या अवधींत आवरण कडक होत जातें, आणि हें बाहेरून कोणाला दिसत नाहीं. नागपुराकडील ४५ अंशांत तर दोन सर्किटांसच उत्तर १५.२ येतें.

जाड तारा घालाव्या, ही सूचना हटकून पुढें येते. चार चौरस मिलिमीटरची तार १६.६ इतकी जागा घेते. सहा तारांचे ९९.६ झाले, दोनच सर्किटांत ९९ ची मर्यादा ओलांडली, तिसऱ्याची गोष्टच नको. तेव्हां गीझरला अगर वातानुकूलन यंत्राला स्वतंत्र पट्टी द्यावी, अथवा जुनी काढून रुंद बसवावी. चारदोनशें रुपयांसाठीं येथें घासाघीस करणें शहाणपणाचें नाहीं. मात्र रात्रीच्या दिव्यासारखा अगदीं हलका भार वाहणारी तार, स्वतःच्या समूहांतील क्षमतेच्या शेंकडा ३० हून कमी प्रवाह नेत असेल, तर उष्णतेच्या हिशेबांत सोडून देण्याची सवलत आहे. जागेच्या हिशेबांत ती मोजावीच लागते. टेलिफोनच्या व दूरचित्रवाणीच्या तारा त्याच पट्टींत सरकविण्याची चालहि पुष्कळ घरांत आढळते. त्यांना निराळी पट्टी असावी, निदान मधें पडदी तरी.